मुरूमची गाडी, मेंढरांची वाट

आमच्याकडं जमीन नव्हती. मेंढरं होती. मेंढरं चालतील तिकडं आमचं घर चालायचं. दिवाळी झाली की तामलवाडीतून निघायचं, तुळजापूरचा घाट चढायचा, नळदुर्गावरून मुरूमकडं, पार कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. कुणाच्या रानात दोन मुक्काम, कुणाच्या रानात चार. मेंढरं रानात बसली की लेंड्यांचं खत होतं, त्याच्या बदल्यात शेतकरी ज्वारी घालायचा. अख्खं बिऱ्हाड एका घोडीवर. तिचं नाव हरणी. भांडी, घोंगड्या, कोंबड्यांची डाल, दोन दिवसांची कोकरं आणि त्या सगळ्याच्या वर लोकरीच्या दोरानं बांधलेली मी. मला त्यातलं आठवतं ते एवढंच, की आभाळ हलतंय, कोकराचं ओलं नाक तळहाताला लागतंय आणि खाली कुठंतरी आईची पावलं वाजतायत.

मी सातवीत होते त्या वर्षी हरणी नळदुर्गाजवळ मेली. दुसरी घोडी घेणं झालं नाही. आईनं बिऱ्हाड डोक्यावर घेतलं आणि उरलेला हंगाम तसाच काढला. मी तेव्हा शाळेसाठी तामलवाडीत आत्याकडं राहायचे. पावसाळ्याच्या तोंडावर आई परत आली, मी तिची वेणी घालायला मागं बसले, तर टाळूवरचे केस झिजून गेलेले. ते अजूनही नीट आलेले नाहीत.

हे रडगाणं नाही. पुढचं कळावं म्हणून सांगितलं. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, गुडघा गेला तेव्हा मेंढरं चुलत्याकडं दिली. आम्ही तामलवाडीत दोन खोल्या बांधल्या. मी एसटीच्या पासवर कॉलेज केलं आणि बी.एस्सी. झाले. आमच्या भावकीत कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही.

दूध गोळा करणाऱ्या एका संस्थेत माझी निवड झाली. तेरच्या आजूबाजूच्या आठ गावांत रोज फिरायचं, दुधाची तपासणी करायची. साहेबांनी फोनवर एकच अट घातली. "सोमवारी सकाळी नऊ वाजता गाडीसकट तेरला हजर. स्वतःची गाडी, स्वतः चालवत. नसेल तर पुढच्या नावाला फोन करतो." तो दिवस बुधवार होता. माझ्याकडं लायसन होतं, ते मोकळ्या मैदानात मैत्रिणीच्या गाडीवर आठचा आकडा काढून मिळवलेलं. रस्त्यावर मी दोन किलोमीटरच्या वर कधी गेले नव्हते. आणि गाडी नव्हती.

अण्णा म्हणाले, "मुरुमात शिवलिंगप्पाची गाडी हाय. त्याचं आता हात थरथरत्यात, चालवत न्हाय. जाऊ चल."

मुरूम, शुक्रवार

तामलवाडीत अण्णांना बिरू म्हणतात. मुरूमच्या स्टँडवर उतरलं की ते बिराप्पा होतात. शिवलिंगप्पाकाकांच्या रानात आमची मेंढरं वीस-बावीस वर्षं बसली. त्यांच्या ओट्यावर बसल्यावर पाण्याच्या आधी चौकशी, चौकशीच्या आधी थट्टा.

"बिराप्पा, घोडी सोडून लोखंडावर आलास की रे," काका म्हणाले.

"लोखंड चारा मागत न्हाय."

"पेट्रोल मागतंय. चारा रानात फुकट मिळतो, पेट्रोल कुठल्या रानात मिळंल?"

जेवायला कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर घट्ट दही. आमच्याकडं भाकरी मऊ हवी असते, गरम तव्यावरची. इथं ती पापडासारखी वाळवून महिनाभर ठेवतात आणि मोडताना कडाड आवाज येतो. ओट्यावर काकांच्या कारभारीण, आमच्या काकू, कन्नडमध्ये सुनेशी बोलत होत्या, मराठीत माझ्याशी, आणि मधेच विसरून उलटं. दुपार लांबत गेली. अंगणात तुरीच्या शेंगा पसरल्या होत्या, ऊन त्यांच्यावरून हळूहळू सरकत होतं, आणि कोपऱ्यात पोत्याखाली काहीतरी झाकलेलं होतं. मी तिकडं बघायचं टाळत होते. लहानपणी नवीन कोकरू झालं की मी असंच करायचे. लगेच बघितलं तर ते खरं राहणार नाही असं वाटायचं.

काकांनी पोतं काढलं. गाडी कधीकाळी लाल असावी, आता कांद्याच्या सालीसारखा रंग. सीटला काकूंनी शिवलेलं कव्हर. तिसऱ्या किकला सुरू झाली आणि चुलीजवळ बसलेल्या म्हाताऱ्या माणसासारखी खोकत राहिली.

"चालतीय का?" अण्णांनी विचारलं.

"माझ्यापेक्षा बरी चालतीय," काका म्हणाले.

किंमत ठरली, त्यात एक कलम असं होतं की यंदा रानातल्या उरलेल्या तुरी निघाल्यावर चुलत्याची मेंढरं तीन मुक्काम काकांच्या रानात बसतील आणि त्याची ज्वारी मागायची नाही. अण्णांनी मान हलवली. लेंड्यांच्या हिशोबात घेतलेली गाडी जिल्ह्यात दुसरी नसेल.

मग काकू एकदम उठल्या. दिवस मावळला की अमावस्या लागत होती. दुसऱ्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आमच्या भागाचा मोठा सण. पण सण असला तरी तिथी अमावस्येचीच, त्या तिथीला गाडीचा व्यवहार कोण करणार? काकूंनी घाईघाईत हळद-कुंकू आणलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, काकांनी किल्ली माझ्या हातात दाबली. सूर्य तुरीच्या ढिगामागं अर्धा गेला होता.

"घेतली ना? आता उद्या नुसता प्रवास. प्रवासाला अमावस्या लागत न्हाय," काकूंनी निकाल दिला. मग अण्णांकडं बघून तोंडाला पदर लावला. "पोरगी म्होरं आन् तुमी मागं बसणार व्हय हो?"

शेजारच्या ओट्यावरचे दोघं-तिघं हसले. अण्णा तंबाखू मळत म्हणाले, "म्या जन्मभर मेंढरांच्या मागंच चाललो, वैनी. हाकणारा मागंच असतो."

येळवस, शनिवार

सकाळी अख्खी गल्ली निरोपाला उभी, आणि गाडी तीन वेळा बंद पडली. क्लच सोडला की उडी, उडी मारली की बंद. कुणीतरी म्हणालं, "बेडूक हाय का गाडी?" चौथ्यांदा ती सरळ निघाली, तेव्हा मी इतकी दचकले की मागं वळून हात करायचं राहून गेलं.

काकांनी अण्णांसाठी जुनं हेल्मेट दिलं होतं. अण्णांचा पटका नऊ हाताचा. पटक्यावर हेल्मेट बसेना. अर्धा तास वाद झाला आणि शेवटी पटका त्यांच्या मांडीवर गेला. पण बोडक्या डोक्यानं माणसाला रामराम घालायचा म्हणजे अण्णांच्या दृष्टीनं धोतर सोडून हिंडण्यासारखं. त्यामुळं जिथं जिथं गाडी थांबली, तिथं तिथं अण्णा आधी हेल्मेट काढायचे, पाठ फिरवायचे, सबंध पटका बांधायचे, मग तोंड वळवून म्हणायचे, "रामराम." निघताना उलटा कार्यक्रम. मुरूम ते येणेगूर एवढ्या अंतरात हे चार वेळा झालं.

मी पुढच्या चाकाकडं बघत चालवत होते. चाकाकडं बघितलं की खड्डा दिसतो, खड्डा दिसला की हात कडक होतात, आणि गाडी नेमकी त्या खड्ड्यात जाते. तिसऱ्या खड्ड्याला अण्णा कानाजवळ ओरडले, "पायाखालच्या मेंढराकडं बघू नको! कळप जिथं न्यायचाय तिकडं बघ, मेंढरं आपोआप जात्यात!" मी मान वर केली. दूरच्या वळणावर एक चिंच होती, तिच्याकडं बघितलं. हात सैल झाले. चिंच आमच्याकडं चालत आली आणि बाजूनं निघून गेली. मग पुढचं वळण, पुढचं झाड. गाडी चालवायला मी त्या क्षणी शिकले, आणि शिकवणाऱ्यानं आयुष्यात हँडल धरलेलं नव्हतं.

ज्यांनी हा भाग येळवशीला बघितला नाही त्यांना कसं सांगावं. गावं रिकामी असतात. बाजारपेठ बंद, घरांना कुलपं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आणि रानं भरलेली. ज्वारी कमरेच्या वर, तिच्यात मधूनच करडईचे पिवळे-केशरी पट्टे, आणि प्रत्येक शेतात कडब्याची एक छोटी कोप, तिच्याभोवती लुगड्यांचे रंग. धूर सरळ वर जात होता. झाडांना झोके. माळावरच्या पवनचक्क्या इतक्या सावकाश फिरत होत्या की त्यांच्याकडं बघून डोळ्यांवर झापड यावी. थंडी होती, ऊनही होतं. माझ्या खांद्यावर अण्णांचा हात होता आणि त्यांचं हेल्मेट मधूनमधून माझ्या हेल्मेटला टक् करून लागत होतं. मला वाटलं, मी परत हरणीवर बांधलेली आहे, फक्त या वेळी लगाम माझ्याकडं आहे.

नळदुर्गाच्या किल्ल्याची भिंत दिसली तसं अण्णांनी हात जोडले, ते किल्ल्याला नाही, खंडोबाला. इथला खंडोबा वर्षातून दोन गावी राहतो, कधी अणदूरला, कधी नळदुर्गाला. "देवसुदिक तळ हलवतोय बघ," अण्णा नेहमी म्हणतात. "म्हणून तो आपला."

नळदुर्ग ओलांडून तुळजापूरच्या रस्त्याला लागलो आणि अण्णांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "हितनं उजवीकडं घे."

"रस्ता सरळ आहे, अण्णा."

"रस्ता वळसा घालतोय. आपली वाट हाय हितनं. माळावरनं थेट निघती. निम्मं अंतर."

मेंढरांची वाट. तीस वर्षं ज्या वाटेनं ते चालले ती. मी सायन्सची पदवीधर, नकाशा खिशातल्या फोनमध्ये होता, आणि तरीही वळले. बापानं वाट दाखवली की वळायचं, हे आमच्यात अंगात भिनलेलं असतं. त्या वाटेनं माणूस जातो, मेंढरू जातं, घोडी जाते. गाडीचं कुणी विचारलं नव्हतं.

पहिला किलोमीटर मुरमाचा, छान. मग वाट एका शेताच्या बांधाला लागली, मग बांध संपला आणि वाट ज्वारीत शिरली. कुणीतरी आदल्या दिवशी पाणी सोडलेलं, पाट फुटून वाटेवर आलेला. आमची काळी माती ओली झाली की माती राहत नाही. पुढचं चाक रुतलं, मडगार्डमध्ये चिखल गच्च भरला. मी क्लच अर्धा दाबून अॅक्सिलेटर पिळला. परत पिळला. तिसऱ्यांदा लिव्हर हातात सैल आली, एकदम, दुधाचा दात पडावा तशी. क्लचची वायर तुटली होती.

मी खाली उतरले. घोट्यापर्यंत चिखल. सकाळचे अकरा वाजलेले, शनिवार, येळवस. आज जिल्ह्यात एक गॅरेज उघडं नसणार. उद्या रविवार. परवा नऊ वाजता तेर.

"रस्त्यानं गेलो असतो तर आत्ता तुळजापुरात असतो," मी म्हणाले. आवाज चढला होता. अण्णांना मी तसं कधी बोलले नव्हते. "माझी नोकरी जाईल, अण्णा. कळतंय का तुम्हाला?"

तेवढ्यात ज्वारीतून गर्जना आली. "कोण हाय रं त्यो! सणासुदीचं पिकात गाडी घालतंय! डोळं फुटलं का?"

साठीचा एक धिप्पाड गडी काठी घेऊन येत होता. अण्णांनी हेल्मेट काढलं, पाठ फिरवली आणि पटका बांधायला घेतला.

"अरं, तुझ्याशी बोलतोय! पाठ काय दावतो?"

अण्णा बांधतच राहिले. नऊ हात. तो माणूस ओरडत होता, मी चिखलात उभी होते, आणि अण्णा शेवटचा पीळ खोचत होते. मग वळले. "रामराम, पंडितराव."

काठी खाली आली. "आरारा! बिरूदा! मर्दा, आधी तोंड दावायचं न्हाय का! म्या काठी घातली असती की!"

"बोडकं तोंड कसं दावू?"

पंडितराव आणि त्यांच्या दोन भावांनी गाडी उचलूनच बाहेर काढली. कोपीजवळ आणून उभी केली, पाहुणीसारखी. वायरीचं सांगितल्यावर पंडितरावांनी काठीनं कोपीच्या मागं दाखवलं. "फिटर हाय की. हबीबमामू. नळदुर्गात दुकान हाय त्येंचं. दर येळवशीला आमच्याच रानात जेवत्यात."

हबीबमामू बोरीच्या सावलीत पांढऱ्या सदऱ्यात लवंडले होते. त्यांनी उठून लिव्हर हलवली, माझ्याकडं बघितलं, चिखलाकडं बघितलं.

"बेटी, ये क्लच हाय. बैलाचा कासरा न्हाय."

"तुटला. बसवून द्याल का, मामू?"

"देतो की. पर दुकान बंद हाय, किल्ली घरी हाय, आन् भज्जी हितं हाय. पहले भज्जी."

पूजा झाल्याशिवाय कुणी जेवत नाही आणि जेवल्याशिवाय कुणी हलत नाही. मी घड्याळ बघत बसले, मग बघायचं सोडलं. कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड होते, त्यांना पांडव म्हणतात, त्यांच्यावर नवी शाल. पंडितरावांनी मडक्यातलं आंबील घेतलं आणि सगळे जण पिकाला फेरी घालत ते शिंपडत निघाले, अर्धे शब्द मराठी, अर्धे कन्नड, अर्थ कुणालाच माहीत नाही, ओरडायचं मात्र सगळ्यांनी. शेजारच्या रानातून तसाच आवाज आला, त्याच्या पलीकडून आणखी एक. तो आवाज शेतांशेतांतून लांब जात राहिला. ऊन, करडईचा वास, आंबट आंबील. मला त्या वेळी कुठलं साल आहे हेही कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

त्या फेरीत अण्णा दिसले नाहीत. मी शोधलं. ते वाटेपासून लांब एका लिंबाखाली उभे होते, हातात आंबिलाचा तांब्या. मी जवळ गेले. लिंबाच्या बुडाशी दगडांचा एक बसका ढीग होता, त्यावर गवत वाढलेलं.

मला विचारावं लागलं नाही.

"हितंच ठिवली तिला," अण्णा म्हणाले. "पंडितरावांनी जागा दिली. वाटंतच हाय तर म्हणलं..." त्यांनी तांब्यातलं आंबील थोडं ढिगावर ओतलं, थोडं स्वतः प्याले, उरलेलं मला दिलं.

वाट जवळची नव्हतीच. तीस वर्षं चाललेल्या माणसाला ते माहीत नव्हतं असं कसं म्हणू? मी आंबील प्याले. ते फार आंबट होतं.

परत येताना मी म्हणाले, "अण्णा, गाडीचं नाव हरणी ठेवू?"

"गाडीला नाव कशाला? नंबर हाय की तिला."

जेवण कोपीसमोर, ओळीनं. भज्जी म्हणजे तुरीचे-हरभऱ्याचे कोवळे दाणे, वाल, मेथी, हाताला येईल ती भाजी बेसनात एकत्र शिजवलेली, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, वर आंबील. आम्हाला शेत नव्हतं, त्यामुळं माझ्या लहानपणी प्रत्येक येळवस दुसऱ्याच्या रानात झाली आणि आम्ही कायम पंगतीच्या टोकाला बसलो. त्या दिवशीही मी सवयीनं टोकाला बसले. पंडितरावांच्या कारभारणीनं हाताला धरून मधे नेलं. "ए बाय, नोकरदार माणसानं असं कडंला बसतेत व्हय?"

"अजून लागलेली नाही, मावशी."

"लागंल. वाढ गं हिला."

तीन वाजता हबीबमामू पंडितरावांची गाडी घेऊन गेले आणि दोन वायरी, पक्कड आणि पाना घेऊन आले. मी वाकून बघत उभी राहिले. त्यांनी पक्कड माझ्या हातात ठेवली आणि स्वतः बोरीखाली बसले.

"मी?"

"रोज आठ गावं फिरणार ना तू? हर गाव में हबीब बैठा हाय क्या?"

मला पाऊण तास लागला. जुनी वायर ओढून काढली, नवीला ग्रीस लावलं, वरचं टोक लिव्हरच्या खाचेत, खालचं इंजिनाच्या पट्टीला, नट आवळला. मामू बसल्या जागेवरून बोलत होते. "ज्यादा कसू नको. जरासा ढील ठेव. हां. अभी दाबून बघ." मी दाबलं. क्लच लोण्यासारखा दबला. दुसरी वायर त्यांनी पहिलीच्या बाजूनंच बांधायला लावली. "ये रहने दे. जब टूटेगी, तब मामू की याद करना." पैसे विचारले तर म्हणाले, "आज सण हाय. आज दुकान बंद हाय. बंद दुकान में कौन पैसा लेता?"

पंडितरावांनी राहायचा फार आग्रह केला. मी नाही म्हणाले, आणि अण्णांनी कधी नव्हे ते माझी बाजू घेतली. या वेळी डांबरी रस्त्यानं गेलो. तुळजापूर जवळ येता येता दिवस मावळला. रानारानांत लोक गवताच्या पेंढ्या पेटवून पिकाभोवती फिरत होते. एवढे जाळ आणि एकाचाही आवाज नाही, आमच्या इंजिनात सगळं बुडालेलं. डाव्या बाजूला एक जाळ बराच वेळ आमच्याबरोबर पळत राहिला आणि मग मागं पडला.

तुळजापूर, घाट, घर

रात्र तुळजापुरात काढली. रविवारी सकाळी अण्णांनी गाडी देवीला दाखवली. म्हणजे महाद्वाराच्या समोर, गर्दीच्या कडेला मला ती उभी करायला लावली, आणि स्वतः पटका बांधून पायऱ्या उतरून गेले. आमच्या भागात नवी सायकलसुद्धा आधी तुळजापूर बघते. माझ्या मागं एक भली मोठी नवी चारचाकी झेंडूच्या माळा घालून उभी होती. तिच्या मालकानं माझ्या कांद्याच्या रंगाच्या गाडीकडं बघितलं, चिखलाकडं बघितलं, आणि विचारलं, "नवीन?"

"मला नवीन," मी म्हणाले.

घाट उतरताना भीती वाटली. खरं सांगते. पहिल्या वळणाला मागून ट्रक, समोरून एसटी, आणि ब्रेकला किती दाबायचं याचा अंदाज नाही. मी सेकंड गिअर टाकला आणि दरीकडं न बघता पुढच्या वळणाकडं बघितलं. अण्णांचा हात खांद्यावर होता, पण त्यांनी दाबला नाही. खाली सोलापूरकडचं रान धुक्यात पसरलेलं होतं, आणि त्यात कुठंतरी आमच्या दोन खोल्या.

आई दारात उभी होती. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, गाडीभोवती एक फेरी मारली, सायलेन्सरला बोट लावून बघितलं आणि चटका बसल्यावर म्हणाली, "हिला ताप हाय."

"बस की मागं, आई. एक चक्कर."

"नगं बाय. मला चालायची सवय हाय."

तेर, सोमवार

पहाटे अण्णा तयार नव्हते. मी विचारलं, "येत नाही?"

"आता कशाला? वाट शिकलेल्या मेंढरामागं कुणी जात न्हाय."

आईनं माझी पिशवी मागच्या कॅरिअरला बांधायला दोर आणला. जाड, काळा-पांढरा, लोकरीचा. अण्णांनी वळलेला, ज्यानं ती मला हरणीवर बांधायची. तिनं तशाच दोन गाठी मारल्या, एक हिसका देऊन बघितला. मग काय वाटलं कोण जाणे, पदर खोचला आणि म्हणाली, "हमरस्त्यापर्यंत येते."

ती एका बाजूला पाय सोडून बसली, माझ्या कमरेला घट्ट धरून. पहिला गिअर, दुसरा. कुडकुडणारी थंडी, पूर्वेला तांबडं. आरशात ती दिसत होती. डोळे मिटलेले, पदर उडून खांद्यावर पडलेला, डोक्यावर काही नाही. हमरस्त्याला उतरली आणि जागच्या जागी दोन पावलं टाकून बघितली. मग म्हणाली, "पाय जमिनीला लागत न्हाईत गं," आणि हसत हसत, पदर सावरत घराकडं चालत निघाली.

घाट चढले. तुळजापूर, धाराशिव, मग तेरकडचा रस्ता. तेरणेच्या पुलावर आले तेव्हा पाण्यावरून वाफ निघत होती, बायका धुणं आपटत होत्या, आणि मंदिरांची शिखरं वाफेवर ठेवल्यासारखी दिसत होती. हे गाव फार जुनं आहे, शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. मला त्या सकाळी ते आत्ताच तयार झाल्यासारखं वाटलं.

साहेब ऑफिसच्या दारात उभे होते. नऊ वाजायला दहा मिनिटं कमी. त्यांनी आधी गाडीकडं बघितलं. मडगार्डखाली अजून पंडितरावांच्या रानातला चिखल वाळून बसलेला होता.

"कुठून आणली?"

"मुरूमहून. चालवत."

"एकट्या?"

"मुरूमहून वडील होते. आज एकटी."

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, आईसारखीच. "जुनी दिसतेय. आठ गावं आहेत, वाटा रानातल्या. मधेच बंद पडली तर दूध नासेल. मग काय करणार?"

"शनिवारी पडली होती, सर. क्लचची वायर." मी हँडलच्या बाजूला बांधलेली दुसरी वायर दाखवली. "मीच बसवली. परत तुटली तर पाऊण तास लागेल. आता कदाचित अर्धा."

साहेब आत गेले, गावांची यादी आणि तपासणीची पेटी घेऊन आले. पेटी त्यांनी स्वतः कॅरिअरवर ठेवली आणि बांधायला काही आहे का म्हणून इकडंतिकडं बघितलं. मी दोर सोडला आणि आईसारख्या दोन गाठी मारल्या.

त्या दिवशी मी आठही गावं केली. दोन ठिकाणी वाट चुकले, एकदा शेळीला चुकवताना बांधावर चढले, पण दूध नासलं नाही. गाडीचे कागद पुढं माझ्या नावावर झाले. तुरी निघाल्यावर चुलत्याची मेंढरं काकांच्या रानात तीन मुक्काम बसली, तो शब्दही पुरा झाला. बिरू मेंढक्याची मुलगी सुवर्णा, बी.एस्सी., स्वतःच्या गाडीवर नोकरीला जाते. आमच्या घरात महिन्याचा पगार आणणारी मी पहिली आहे.